हळदीचं औषध कुठं मुरलं? पीडीएमएस चिपचं सांगलीतलं एक प्रकरण

सांगलीत फेब्रुवारी लागला की मार्केट यार्डातून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरूनच कळतं, नवी हळद बाजारात उतरली. त्याच दिवसांत आमच्या प्रयोगशाळेतही हळदीनं एक पेच टाकला. औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजातून एम.फार्म.ची एक विद्यार्थिनी आमच्याकडं चिप करायला येत होती. तिनं दोन निकाल माझ्यासमोर ठेवले. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये २० मायक्रोमोलर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, २४ तास दिल्यावर एमसीएफ-७ या, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या, पेशी ठळकपणे कमी झाल्या होत्या. त्याच पेशी, तेवढंच कर्क्युमिन, तेवढाच वेळ. फक्त औषध आमच्या मायक्रोफ्लुइडिक चिपमधून, म्हणजे तिच्यातल्या बारीक वाहिन्यांमधून, वाहतं दिलं, तर पेशींना काहीच झालं नव्हतं. औषधाची वाहिनी आणि बिनऔषधाची वाहिनी यांत फरक दाखवता येईना.

“सर, वाहत्या मीडियममध्ये पेशी औषधाला जास्त टिकतात, असं लिहायचं का?” तिनं विचारलं.

मी हो म्हणायच्या अगदी काठावर होतो. मीडियम म्हणजे पेशी ज्यात वाढवतात ते पोषक द्रव. ते वाहतं असलं की पेशी वेगळ्या वागतात हे खरंच आहे. ताजं पोषण मिळत राहतं, टाकाऊ द्रव्यं वाहून जातात. प्रबंधात शोभेल असा निष्कर्ष आयता हाताशी आला होता. पण एक गोष्ट खटकत होती. कर्क्युमिन स्वतः रंगाचं असतं. ते प्यायलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकात निळ्या प्रकाशाखाली हिरवट चमकतात. प्लेटमधल्या पेशी चमकत होत्या. चिपमधल्या जवळपास काळोख्या होत्या. पेशींनी औषध सोसलं असं म्हणायचं, तर ते आधी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं हे दाखवायला हवं. ते आमच्यापैकी कुणीच तपासलं नव्हतं. सिरिंजवर ‘२० मायक्रोमोलर’ अशी चिठ्ठी होती आणि तेवढ्यावर आम्ही विसंबलो होतो.

पुढं काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण पीडीएमएसच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पारदर्शक पदार्थाच्या, चिपमध्ये औषधाची चाचणी करायला निघालेल्या प्रत्येकाला या वाटेनं जावं लागतं, आणि बऱ्याच जणांना ती वाट लागल्याचं कळतही नाही.

चिप कशी केली होती

सॉफ्ट लिथोग्राफी या नावातली लिथोग्राफी म्हणजे आपल्याकडचा जुना शिळाछाप. इथं छाप घेणारी वस्तू मात्र दगडाची नसते, रबरासारखी मऊ असते. गणपतीच्या कारखान्यात ज्यांनी रबरी साचा पाहिला असेल त्यांना हे तंत्र निम्मं आधीच ठाऊक आहे. मूळ मूर्तीवर रबर ओतायचं, जमलं की सोलून काढायचं. सोंडेची वळी, मुकुटाची नक्षी, सगळं त्यात उमटलेलं असतं. कुंभारवाड्यात ते रबर म्हणजे साचा, आणि त्यातून निघणारी मूर्ती हा माल. आमच्याकडं सोलून काढलेलं रबर हाच माल.

हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं १९९० च्या दशकात हे तंत्र रुजवलं. १९९३ मध्ये अमित कुमार आणि व्हाइटसाइड्स यांनी मऊ शिक्क्यानं सोन्यावर रेणूंचे ठसे उमटवून दाखवले. १९९८ मध्ये याच गटानं संगणकावरच्या आकृतीपासून २४ तासांच्या आत पीडीएमएसमध्ये वाहिन्या तयार करायची रीत प्रसिद्ध केली. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजाला असलं काम करता येतं ते या रितीमुळं. महागडी क्लीनरूम फक्त मूळ साच्यापुरती लागते. एकदा साचा हातात आला की पुढची प्रत साध्या टेबलावर निघते.

आमचा मूळ साचा मुंबईला, आयआयटीत झाला. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या कॉलेजांना तिथल्या सोयी वापरता येतात. सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ हे रेझिन गरगर फिरवून पसरायचं, वाहिन्यांची आकृती असलेल्या मास्कमधून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश द्यायचा, तापवायचं आणि धुवायचं. उजेड लागलेला भाग कडक होऊन उभा राहतो, बाकीचा वाहून जातो. शेवटी फ्लोरोसिलेनची वाफ द्यायची, म्हणजे पीडीएमएस साच्याला धरून बसत नाही. ही वाफ द्यायला विसरलं तर पहिल्याच ओतकामात साचा वाया जातो.

सांगलीतलं काम त्यानंतरचं. ३० ग्रॅम पीडीएमएस आणि ते घट्ट करणारं ३ ग्रॅम क्युरिंग एजंट, म्हणजे दहास एक. कागदी पेल्यात पाचेक मिनिटं घोटलं की पांढुरका फेस येतो. डेसिकेटरमध्ये निर्वात पंपाखाली अर्धा तास ठेवलं की फेस चढतो, फुटतो आणि खाली पाण्यासारखं नितळ दिसतं. ९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये साच्यावर ओतलं की साधारण ५ मिलिमीटर जाडी मिळते. ७० अंशांवर दोन तास. एक सूचना इथंच देऊन ठेवतो: या कामाला लॅटेक्सचे हातमोजे घालू नयेत. लॅटेक्समधलं गंधक पीडीएमएसमधल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला मारतं आणि बोट लागलेली जागा कितीही तापवली तरी चिकटच राहते. पहिल्या वर्षी आम्ही सगळा दोष ओव्हनला देत होतो. नायट्राइलचे मोजे आणले आणि तो प्रश्न मिटला.

जमलेलं पीडीएमएस ब्लेडनं कापून सोलायचं, बायोप्सी पंचनं दीड मिलिमीटरची भोकं पाडायची, चिकटपट्टीनं पृष्ठभागावरची धूळ उचलायची आणि काचेसोबत प्लाझ्माच्या यंत्रात ठेवायचं. ऑक्सिजन प्लाझ्मा पृष्ठभागावर सिलॅनॉलचे गट उघडे करतो. दोन्ही पृष्ठभाग पटकन एकमेकांवर ठेवले की त्यांच्यात सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पक्का बंध तयार होतो. बाहेर काढल्यावर फार वेळ हातात धरून चालत नाही, पृष्ठभाग मिनिटागणिक आपला गुण गमावत जातो. नीट जुळलं तर कडेपासून आत एक ओलसर सावली सरकत जाताना दिसते. जिथं ती अडते तिथं धूळ आहे असं समजायचं.

या प्रकरणातल्या चिपमध्ये दोन वाहिन्या शेजारीशेजारी होत्या, एकीत औषध आणि दुसरीत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी बिनऔषधाचं मीडियम. प्रत्येक वाहिनी २० मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद, १०० मायक्रोमीटर उंच. रुंदी उंचीच्या दहापट म्हणजे छत खाली बसायच्या मर्यादेच्या जवळ, पण ते बसलं नाही. काचेच्या तळावर पेशी चिकटवायच्या, वरून सिरिंज पंपानं मिनिटाला २ मायक्रोलिटर मीडियम सोडायचं. दोन्ही वाहिन्या एकाच रबराच्या ठोकळ्यात घेतल्या होत्या, आणि तेव्हा आम्हाला ती हुशारी वाटली होती.

संशय कुणाकुणावर

पहिला संशय कर्क्युमिनवरच घेतला. हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असतं. बाजारात ‘कर्क्युमिन’ म्हणून मिळतं त्यातही त्याची दोन भावंडं मिसळलेली असतात. (सांगलीत हे काम करताना प्रत्येक जण विचारतो, आपलीच हळद वापरली का? नाही. मोजमाप करायचं तर प्रमाणित भुकटीच घ्यावी लागते.) हे रेणू मोठे नाजूक. उजेडात टिकत नाहीत आणि अल्कलीत तर त्यांचं रूपच पालटतं. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्या घरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पेशींच्या मीडियमचं पीएच ७.२ ते ७.४, म्हणजे तेही किंचित अल्कधर्मीच. १९९७ मध्ये छापून आलेल्या एका मोजणीनुसार ३७ अंशांवर, सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेल्या पीएच ७.२ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन विघटित झालं. त्याच मोजणीत १० टक्के सीरम असलेल्या मीडियममध्ये आठ तासांनंतरही निम्मं शिल्लक होतं. सीरममधली प्रथिनं त्याला धरून ठेवतात, सांभाळतात.

हे वाचताना माझा घसा कोरडा पडला. प्लेटमध्ये आम्ही १० टक्के सीरम घातलं होतं. चिपमध्ये सीरम नव्हतं, कारण सीरम असलं की नळ्यांत फेस होतो आणि बुडबुडे पेशी खरवडून नेतात. म्हणून ‘चाचणीपुरतं चालेल’ असं मीच सांगितलं होतं. शिवाय सिरिंज २४ तास पंपावर बसून होती, तीही खिडकीजवळच्या टेबलावर. दोन निकालांची तुलना करताना आम्ही ‘स्थिर की वाहतं’ एवढाच फरक धरला होता. प्रत्यक्षात तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी होती.

विद्यार्थिनीनं तेच प्रयोग १० टक्के सीरमसह पुन्हा केले. सिरिंज फॉइलमध्ये गुंडाळली, दर चार तासांनी ताजं द्रावण भरलं. फेसाचा त्रास सोसला. प्लेटमध्ये पेशी पुन्हा कमी झाल्या. चिपमध्ये थोडासा परिणाम दिसला, पण प्लेटच्या तुलनेत नगण्य. म्हणजे विघटन हा एक वाटेकरी होता, पण तो एकटा नव्हता.

ब्लेडनं आडवा छेद

वापरलेल्या चिप आम्ही फेकत नव्हतो. पाण्यानं, मग इथेनॉलनं धुऊन पुन्हा वापरत होतो, पैसे वाचतात म्हणून. त्या आठवड्यात धुवायच्या भांड्यात दोन चिप इथेनॉलमध्ये रात्रभर राहून गेल्या. सकाळी इथेनॉल पिवळं झालेलं होतं. चहात केशराची काडी पडावी इतकं फिकट, पण पिवळं.

वाहिनीत मावतं २ मायक्रोलिटर. ती आधीच पाण्यानं धुतलेली. मग हा रंग आला कुठून?

एक चिप घेऊन नव्या ब्लेडनं वाहिनीला आडवी कापली, ब्रेडची स्लाइस कापावी तशी दीड मिलिमीटरची पातळ चकती काढली आणि पांढऱ्या कागदावर भिंगाखाली धरली. वाहिनीची चौकोनी खाच दिसत होती, वर नितळ रबर. पण खाचेच्या वर आणि दोन्ही बाजूंना रबर नितळ नव्हतं. तिथं पिवळसर धुकं होतं; खाचेपाशी दाट, वर जाताना विरळ होत होत नाहीसं. काचेच्या बाजूला काहीच नाही. शाई टीपकागदात पसरावी तसं औषध भिंतीत पसरलं होतं. कंट्रोल वाहिनीच्या दिशेला पिवळेपणा थोडा जास्त लांबवर गेल्यासारखा वाटत होता. डोळ्यांवर विसंबून मी तसं म्हणणार नाही, पण तिथून पुढं एका ठोकळ्यात दोन वाहिन्या घेणं आम्ही बंद केलं.

तिनं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, “सर, हे आमच्या घरच्या डब्यासारखं झालंय. आई प्लॅस्टिकच्या डब्यात भाजी दिली की डबा पिवळा होतो, घासून जात नाही. स्टीलच्या डब्याला काही होत नाही.”

अगदी तसंच. पाण्याला नकोसे असलेले छोटे रेणू पीडीएमएसमध्ये शिरतात, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टोपके आणि बीबी यांनी २००६ मध्येच दाखवून दिलं होतं. मी ते वाचलेलंही होतं. वाचलेलं आणि आपल्या टेबलावर घडलेलं यांत केवढं अंतर असतं, ते त्या पिवळ्या चकतीनं दाखवलं.

आकडे मांडल्यावर

हे किती गंभीर आहे ते वजनकाट्यानं नव्हे, साध्या गुणाकारानं कळतं. वाहिनीतलं द्रव २ मायक्रोलिटर. त्याच्या बरोबर डोक्यावर असलेलं पीडीएमएस २० गुणिले १ गुणिले ५, म्हणजे १०० घन मिलिमीटर, अर्थात १०० मायक्रोलिटर. बाजूंचं धरलंच नाही. द्रवाच्या पन्नासपट रबर त्याला टेकून बसलेलं. २० मायक्रोमोलरच्या हिशेबानं त्या २ मायक्रोलिटरमध्ये कर्क्युमिन किती? ४० पिकोमोल, रेणूभार ३६८ धरला तर जेमतेम १५ नॅनोग्रॅम. एवढ्याशा मालाला मुरायला एवढी मोठी गादी.

आता पृष्ठभाग. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर द्रावण घेतलं तर प्रत्येक घन मिलिमीटर द्रवाला सुमारे १ चौरस मिलिमीटर भिंत मिळते, आणि तीही पॉलिस्टायरीनची, जी कडक काचेसारखी असल्यानं रेणूंना सहज आत घेत नाही. आमच्या वाहिनीत हेच प्रमाण १२ चौरस मिलिमीटर, आणि सगळं मऊ, सच्छिद्र पीडीएमएस. मायक्रोफ्लुइडिक्सचं सगळं आकर्षण या लहानपणात आहे. थोडं द्रावण, झटपट विसरण (रेणूंचं आपोआप पसरणं), मोठा पृष्ठभाग. औषध हरवायची सोयही नेमकी तीच.

रेणूला भिंतीपर्यंत पोचायला वेळ तरी लागतो का? कर्क्युमिनएवढ्या रेणूला पाण्यात १०० मायक्रोमीटर पार करायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. मिनिटाला २ मायक्रोलिटर या वेगानं द्रव वाहिनीत एक मिनिट राहतं. म्हणजे पलीकडच्या टोकाला जाईपर्यंत प्रत्येक रेणूची भिंतीशी चार-पाच वेळा गाठ पडलेली असते. अशा वाहिन्यांत प्रवाह शांत, थरांचा असतो, भोवरे नसतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की मधल्या थरातलं औषध सुरक्षित राहील. इतक्या बारीक मापात विसरणच घुसळण्याचं काम करून टाकतं.

आणि कर्क्युमिनला आत जावंसं का वाटतं? ऑक्टॅनॉल आणि पाणी एकत्र ठेवून त्यात ते सोडलं तर पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये साधारण हजारपट जातं. रसायनशास्त्रात याला लॉग पी सुमारे ३ म्हणतात. पीडीएमएसही तेलकट वळणाचं. प्लाझ्मानं त्याचा पृष्ठभाग पाणीप्रिय होतो खरा, पण तो वरवरचा मुलामा. काही तासांत, दिवसांत आतल्या साखळ्या वर येतात आणि रबर मूळ स्वभावावर जातं.

चोरी कुठं किती

संशय खरा ठरला तरी वाटणी करणं बाकी होतं. चार ठिकाणांहून नमुने घ्यायचं ठरलं: सिरिंजमधून, सिरिंजला जोडलेल्या नळीच्या टोकाशी, चिपच्या बाहेरच्या तोंडाशी, आणि चौथा नमुना काचेच्या कुपीत, त्याच तापमानाला अंधारात नुसता ठेवलेला. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. नुसत्या विघटनानं किती जातं ते त्यावरून कळतं. मोजणी ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर. इथं आणखी एक ठेच लागली. मीडियममध्ये फिनॉल रेड हा पीएच दाखवणारा रंग असतो आणि तोही याच भागात प्रकाश शोषतो. पहिल्या दिवशी बिनऔषधाचं मीडियमसुद्धा ‘पिवळं’ भरलं. मग फिनॉल रेड नसलेलं मीडियम मागवलं. वाहिनीतून २०० मायक्रोलिटर जमायला १०० मिनिटं लागतात, त्यामुळं एका नमुन्याला एक दुपार जात होती. त्या पंधरवड्यात ती रोज शेवटच्या बसनं घरी गेली.

निकालांचा क्रम असा लागला. अंधारातल्या कुपीत सीरमसह औषध बऱ्यापैकी टिकलेलं. नळीच्या टोकाशी लक्षणीय घट, आणि ती आम्हाला अनपेक्षित होती. मग लक्षात आलं की ती नळी सिलिकॉनची होती. सिलिकॉन रबर म्हणजे पीडीएमएसचीच सख्खी बहीण. चिपवर संशय घेत होतो आणि अर्धा मीटर पीडीएमएस नळीच्या रूपानं स्वतःच आधी जोडून बसलो होतो. चिपच्या तोंडाशी सुरुवातीच्या नमुन्यांत जवळजवळ काहीच नाही, मग हळूहळू वाढ; भिंत जसजशी भरते तसतशी तिची भूक कमी होते. शेवटी औषध बंद करून साधं मीडियम सोडलं, तर बाहेर येणारं मीडियम बराच वेळ पिवळसरच येत राहिलं. भिंत घेतलेलं परत देत होती.

या शेवटच्या निरीक्षणानं माझी झोप उडवली. धुऊन पुन्हा वापरलेल्या चिपांत आम्ही ‘कंट्रोल’ चालवले होते. कंट्रोलला मागच्या फेरीचं औषध मिळत नव्हतं कशावरून? दोन महिन्यांचे चिपमधले सगळे निकाल आम्ही बाजूला ठेवले. त्याआधीच्या वर्षी बी.टेक.च्या एका गटानं रोडामिन बी हा रंग वापरून दोन प्रवाह कसे मिसळतात ते मोजलं होतं. रोडामिन बी पीडीएमएसमध्ये शिरतं हे तर सर्वश्रुत आहे. त्यांचे आलेख पुन्हा काढून पाहिले, तर भिंतीलगतची ‘न मिसळलेली’ पट्टी बहुधा भिंतीत गेलेला रंगच होता. त्या मुलांना फोन करून सांगितलं. एकानं नोकरीच्या ठिकाणाहून रात्री उलट फोन केला आणि तासभर प्रश्न विचारले.

दुसरी चिप

मार्ग अनेक होते. औषध जास्त घालून भिंत आधीच भरून घ्यावी, पण मग भिंत ते परत देत राहते आणि मात्रा कधीच निश्चित होत नाही. भिंतीवर काचेसारखा किंवा पॅरिलीन या प्लॅस्टिकचा थर चढवावा. चांगला उपाय, पण ती यंत्रणा आमच्याकडं नाही. वेग वाढवावा, थोडा फायदा होतो, पण महाग औषध नाल्यात जातं आणि पेशींवर घासही वाढते. मला वाटलं, या औषधासाठी पीडीएमएसचा हट्टच सोडावा.

दोन काचा आणि त्यांच्यामध्ये १०० मायक्रोमीटर जाडीची दुहेरी चिकटपट्टी. वाहिनीचा आकार पट्टीत कापायचा. तो कापून दिला स्टेशन रोडवरच्या एका रेडियमच्या दुकानानं. गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरं ज्या प्लॉटरवर कापतात त्याच प्लॉटरवर. १ मिलिमीटरच्या वाहिनीला ते भरपूर अचूक आहे. दुकानदारानं आधी विचारलं, “कुठल्या गाडीला लावायचं?” मग काम समजल्यावर तीन वेळा धार बदलून नमुने काढून दिले.

वरच्या काचेला भोकं पाडायचं काम आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी घेतलं. काच पाण्याच्या ताटात बुडवायची, हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल हळूहळू टेकवायचं. पहिल्या दिवशी सात काचा फुटल्या. “घाई केली की फुटती, सर. पाणी तुटू द्यायचं न्हाई, अन् शेवटाला दाबायचं न्हाई,” मामा म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून क्वचितच फुटली.

या चिपमध्ये वाहिनीचा तळ आणि छत काचेचं. पट्टीची कड उघडी राहते ती फक्त १०० मायक्रोमीटर उंचीची, दोन बाजूंना. नळ्या टेफ्लॉनच्या. मात्र पीडीएमएसनं आजवर गुपचूप केलेली कामं आता आमच्यावर आली. पीडीएमएसमधून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड आरपार जातात, काचेतून नाही. त्यामुळं मीडियम आधी इन्क्युबेटरमध्ये उघड्या फ्लास्कात ठेवून मगच भरायचं आणि कंट्रोलमध्येही प्रवाह कधी थांबवायचा नाही. बुडबुडेही पीडीएमएसमधून हळूहळू निसटतात; काचेत ते अडून बसतात. त्यावर पीडीएमएसचाच एक बुडबुडेसापळा आधी जोडायची सूचना आली आणि सगळ्यांनी एकदम मान हलवून नाही म्हटलं. मीडियम आधी ३७ अंशांवर गरम करून हवा काढून घेतली की त्रास बराच कमी होतो. आणलेल्या दोन चिकटपट्ट्यांपैकी एकीत पेशी औषधाशिवायच मेल्या, म्हणून कुठल्याही पट्टीवर आधी दोन दिवस नुसत्या पेशी ठेवून पाहायचा नियम केला. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या असतात; त्या अशा पट्टीवर घालवायच्या नसतात.

काचेच्या चिपच्या तोंडाशी घेतलेला नमुना सिरिंजमधल्या नमुन्याच्या जवळ आला. निळ्या प्रकाशाखाली पेशी हिरव्या चमकल्या. आणि २४ तासांनी त्या कमी झाल्या. प्लेटइतक्या नाही, पण निःसंशय. आता हा उरलेला फरक प्रवाहाचा म्हणता येईल का? मी तिला अजूनही सावध शब्द वापरायला लावले. कर्क्युमिन हा रेणू चाचण्यांना चकवणारा म्हणून बदनाम आहे. अमेरिकेतल्या औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याबद्दल सविस्तर इशारा दिला आहे. तिनं प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्यात ‘सिरिंजमधली मात्रा’ आणि ‘बाहेर पडताना मोजलेली मात्रा’ असे दोन स्तंभ ठेवले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या दुसऱ्या स्तंभावरच घेतला. बाजूला ठेवलेले जुने निकालही तिनं एका वेगळ्या प्रकरणात छापले, पिवळ्या चकतीच्या छायाचित्रासह. ते काढू नकोस, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं. तिनं ते काढायचा विचारही केलेला नव्हता.

पीडीएमएस आम्ही सोडलेलं नाही. पेशींचे आकार मोजायला, थेंब करायला, पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांना त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही आमच्या आवाक्यात नाही. या महिन्यात नवा विद्यार्थी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेऊन आला आहे. तो रेणू पाण्यातच रमणारा, त्याचं लॉग पी शून्याच्याही खाली. त्याच्यासाठी काल ३० ग्रॅम आणि ३ ग्रॅम मोजून पुन्हा ओतकाम झालं, एका ठोकळ्यात एकच वाहिनी. नळ्या टेफ्लॉनच्या. पेशी घालायच्या आधी तो उद्या नुसतं मेटफॉर्मिन सोडून बाहेरच्या तोंडाशी नमुने घेणार आहे. कुप्यांवर वेळा लिहून झाल्या आहेत.